अक्षतेच्या दिवसाची रजा

श्रोतेहो, नमस्कार. पुस्तकाच्या दुकानात गल्ल्यावर बसून मी उभी हयात काढली. गल्ल्यावरच्या माणसाकडे कुणी बघत नाही, त्याला मात्र सगळं दिसतं. त्यातलंच थोडं आज सांगतो.

आमच्या नव्या पेठेतल्या दुकानात ती दोघं एकाच जूनमध्ये लागली, शाळेच्या वह्या-पुस्तकांच्या गर्दीत. तो बाळीवेशीकडचा, घरी कानडी. ती पूर्व भागातली, घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर. भांडायचे मात्र अस्सल सोलापुरी मराठीत. तो तिला ‘मॅडम’ म्हणायचा, ती त्याला ‘साहेब’. त्या दोन शब्दांत केवढं मीठ-मिरची असायची म्हणून सांगू!

दिवाळी आली की आमच्या धंद्याला ऊत येतो. 1909 मध्ये ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळाच्या ताटाशेजारी अंक लागतोच. पुण्या-मुंबईचे गठ्ठे उतरले, सुतळ्या सुटल्या आणि मालकांनी जाहीर केलं, “ज्याचे अंक जास्त खपतील, त्याला गड्ड्याच्या यात्रेत अक्षतेच्या दिवशी पूर्ण रजा. दुसऱ्यानं दुपारपर्यंत दुकान सांभाळायचं.”

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. बाराव्या शतकातल्या आमच्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट एका कुंभारकन्येनं धरला. ते योगी. त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली, अशी कथा आहे. तो अक्षता सोहळा गड्ड्याच्या यात्रेत दर वर्षी भोगीला संमती कट्ट्यावर होतो. बाराबंदी घातलेली माणसं सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पेलत वाजतगाजत येतात. आमचा ‘साहेब’ त्यांच्यातला. आधी कित्येक रात्री काठी पेलायचा सराव, सकाळी दुकानात जांभया. त्याला ती रजा किती हवी होती, ते मला ठाऊक होतं. तिलाही असावं.

मग जुंपली. कथा-कवितांचे अंक तिच्याकडे, विनोद आणि राशिभविष्याचे त्याच्याकडे. एकमेकांचं गिऱ्हाईक पळवायचं, तर समोरच्याचा माल माहीत हवा. म्हणून हा चहाच्या सुट्टीत कथा वाचू लागला आणि गिऱ्हाइकाला गोष्ट कुठल्या पानावर आहे ते सांगू लागला. कविता वाचताना ओठ हलायचे त्याचे! आणि ती भविष्य वाचायची. एकदा भर दुकानात म्हणाली, “कन्या राशीला यंदा वरिष्ठांकडून त्रास आहे बघा.” कन्या रास दुकानात एकाचीच होती. त्याची रास हिला कुणी सांगितली, हे मी विचारलं नाही.

भाऊबीजेनंतर मालकांनी बिलबुकं मोजली. सात अंकांनी ती जिंकली. त्यानं मान डोलावली, “अभिनंदन मॅडम,” म्हणाला आणि उरलेले अंक परत पाठवायच्या गठ्ठ्यात बांधायला लागला. गाठ तीनदा सुटली.

भोगीच्या दिवशी शटर वर घेतलं तर ही पायरीवर हजर, हातात डबा.

“तुम्हाला रजा आहे ना?” तो म्हणाला.

“माझी रजा आहे, कुठं घालवायची ते मी ठरवते की! तुम्ही निघा, काठ्या हालतील.”

तो काहीच बोलला नाही. सायकल काढली आणि सुसाट गेला. आम्ही दोघांनी तिळाची भाकरी आणि भोगीची भाजी खाल्ली. गिऱ्हाईक एकही नाही. त्या दिवशी सोलापुरात पुस्तक कोण घेतंय?

दुपारी आम्हीही गेलो. पांढऱ्या बाराबंद्यांचा नुसता समुद्र. “दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम” घुमलं, लोकांनी अक्षता टाकल्या. हिची मूठ मात्र मिटलेलीच. नजर एका काठीवर. मी कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं तांदूळ उडाले, तेही निम्मे माझ्या टोपीवर.

घरच्यांना पटवायला दोन वर्षं गेली. कानडी, तेलुगू, जात, सगळं निघालं. ते सांगत बसत नाही. लग्न झालं. दिवाळीत दर्शनी मांडणीवर कुठला अंक ठेवायचा यावरून दोघं पुन्हा तशीच भांडली, त्याच ‘मॅडम-साहेब’मध्ये.

फरक एवढाच झाला, की अक्षतेच्या दिवशी आता दोघांनाही रजा लागायची, आणि शटर वर घ्यायला मी.

नमस्कार.