सोलापूरच्या उन्हात काचेची खोली

(दृश्य: गच्चीवर उभा केलेला लोखंडी पाइप. भर दुपार.)

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात एक दुपार अशी येते, की गच्चीवर उभ्या केलेल्या पाइपला सावलीच उरत नाही. सूर्य नेमका डोक्यावर असतो. मग तो थोडा उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परतताना पुन्हा एकदा डोक्यावरून जातो. पारा चाळिशी ओलांडतो यात सोलापूरकराला काही नवल नाही. पण इथे काचेची खोली बांधायची, तर पाऱ्याच्याही आधी सूर्याची ही वाट बघावी लागते.

(दृश्य: जुळे सोलापूर, होटगी रोड. गच्च्यांवरच्या काचेच्या खोल्या.)

अलीकडे इथल्या गच्च्यांवर काच चढायला लागली आहे. ॲल्युमिनियमचे सेक्शन, सरकत्या खिडक्या, वर टफन, म्हणजे तापवून कणखर केलेली काच, नाहीतर पॉलीकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची शीट. कुंड्या ठेवायच्या, झोपाळा टांगायचा, सकाळचा चहा तिथे घ्यायचा, असा बेत असतो. दिवाळीत बांधलेली खोली संक्रांतीपर्यंत झकास चालते. होळी झाली की तिच्या दाराला बाहेरून कडी लागते, ती थेट पावसाळ्यात निघते. तेव्हा कळतं, की छप्परही गळतंय.

अशीच खोली बांधलेल्या एका घरातल्या आजींनी तर पहिल्याच उन्हाळ्यात निकाल दिला होता. "काचंचं कपाट केलंय की हो हे! ह्यात बरण्या ठेवायच्या का माणसं?"

आजींचा प्रश्न रास्त आहे. मुळात ही खोली थंड मुलुखातली. युरोपातल्या श्रीमंतांना संत्र्या-लिंबाची झाडं हिवाळ्यात जगवायची होती, त्यातून काचघरं आली. इंग्लंडात काचेवर कर होता, तो १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टन यांनी क्रिस्टल पॅलेस उभा केला. हे पॅक्स्टन मूळचे माळी, बागेतली काचघरं बांधून हात बसलेले. पुढे मध्यमवर्गीय घरांच्या मागच्या अंगालाही काचेची खोली आली. तिथला हिवाळ्यातला सूर्य कलता, ऊन कोवळं. ते जितकं आत ओढता येईल तितकं हवंच असतं.

आणि गंमत अशी, की तिथलेही लोक या खोलीवर कुरकुरतात. उन्हाळ्यात बसवत नाही, हिवाळ्यात गारठा सोसवत नाही. म्हणून आता तिथे बरेच जण काचेचं किंवा पॉलीकार्बोनेटचं छप्पर काढून आत उष्णतारोधक थर असलेलं भरीव छप्पर बसवतात. बाजूंची काच तशीच ठेवतात. लंडनच्या उन्हाला जे छप्पर पुरं पडलं नाही, ते आपण मे महिन्यातल्या सोलापूरच्या डोक्यावर ठेवतो.

(दृश्य: काचेवर पडलेलं ऊन. आत फरशीवर त्याचा चौकोन.)

काचेच्या आत होतं काय? ऊन काचेतून सहज येतं. साधी ५ मिलिमीटरची काच उन्हातल्या उष्णतेचे पाचांतले चार भाग आत सोडते. आत फरशी तापते, खुर्ची तापते, भिंत तापते. या तापलेल्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकतात, ती मात्र काचेतून थेट बाहेर पडत नाही. वर हवा कोंडलेली. मग आतला पारा बाहेरच्या पाऱ्याला मागे टाकतो.

दहा बाय बारा फुटांचं काचेचं छप्पर धरू, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. मे महिन्यात भर दुपारी दर चौरस मीटरवर ९०० वॉटच्या आसपास ऊन पडतं. त्यातलं पाचांत चार आत आलं, म्हणजे नुसत्या छपरातून ८ किलोवॅट. दीड टनाचा एसी तासभर धडधडला तरी सव्वापाच किलोवॅटच्या वेगानंच उष्णता बाहेर काढतो. बाजूच्या काचा अजून हिशेबात धरल्याच नाहीत. तेव्हा "एसी बसवू, काम होईल" असं कुणी म्हणालं, तर त्याच्या हातात हा हिशेब द्यावा.

पुढचा नेहमीचा उपाय म्हणजे आतून पडदे. जाड, अस्तर लावलेले, महागडे. डोळ्यांवरची तिरीप जाते, खोली तापायची राहत नाही. ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, पडदा ते अंगावर घेतो आणि आतल्या आतच सोडतो. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर.

(दृश्य: सांगोल्याकडची डाळिंबाची बाग.)

हे सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. डाळिंबाचं फळ उन्हानं करपू नये म्हणून बागेवर कापड टाकतात, शेडनेट टाकतात, कुठे कुठे जुन्या साड्याही पसरतात. तीच शेडनेट गच्चीवर चालते. बाजारात ती किती टक्के सावली देते त्यावर मिळते. ५० टक्क्यांची घ्या किंवा ७५ची, पण काचेला चिकटवून टाकू नका. काचेपासून निदान फूटभर वर, तारेवर ताणून बांधा. मधून वारा खेळला पाहिजे, नाहीतर जाळीची धग काचेला लागते. दिसायला ती हिरवी जाळी फारशी देखणी नाही, हे खरं. तिथे बांबूच्या चिका, म्हणजे कामट्यांचे गुंडाळायचे पडदे, लावता येतात. चिकाही बाहेरूनच.

आजींच्या घरात मात्र छप्परच बदललं. पॉलीकार्बोनेट काढलं आणि ५० मिलिमीटरचं पफ पॅनल टाकलं. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम असतो, तेच हे पॅनल. वरून पांढरा रंग. घरातल्या मुलाचा जीव थोडा हळहळला, कारण रात्री चांदणं दिसावं म्हणून त्यानं पारदर्शक छपराचा हट्ट धरला होता. चांदणं बघायला गच्ची आहेच. तसेही इथे उन्हाळ्यात लोक गच्चीवरच झोपतात.

(दृश्य: गिरणीचं जुनं शेड. करवती छप्पर.)

उजेड हवा आणि ऊन नको, ही अडचण या शहराला जुनीच आहे. सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ सालची. विणकाम करणाऱ्याला सुताचा धागा न धागा दिसायला हवा, पण उन्हाची तिरीप मागावर पडून चालत नाही. कापडगिरण्यांच्या शेडवर म्हणून करवती, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखं छप्पर घालायची पद्धत पडली. दात्याची उभी बाजू उत्तरेला, काच तिथेच, उतरत्या बाजूला पत्रा किंवा कौल. याला नॉर्थ लाइट म्हणतात. दिवसभर सारखा, शांत उजेड.

काचेची खोली बांधताना जागा निवडायला वाव असेल, तर हा धडा घ्यावा. उत्तरेला मोठी काच बिनधास्त लावा. मे ते जुलैमध्ये दुपारचा सूर्य जरासा उत्तरेला झुकतो, पण जेमतेम ५-६ अंश. वीतभर छज्जा त्याला पुरतो.

दक्षिणेची बाजू मला सगळ्यात आवडते, कारण तिथे भूमिती आपल्या बाजूनं आहे. डिसेंबरच्या अखेरीस सोलापुरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांवर असतो. सात फूट उंच काचेवर दोन फुटांचा छज्जा असला, तर त्याची सावली वरच्या सव्वादोन फुटांवरच पडते. खालची पावणेपाच फूट काच उन्हात राहते. ऊन आत येतं, शहाबादी फरशी तापते आणि संध्याकाळपर्यंत पायाला ऊब देते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य ७२ अंशांवर चढतो, आणि त्याच छज्ज्याची सावली सव्वासहा फुटांपर्यंत उतरते. मे महिन्यात तर दुपारचं ऊन काचेला शिवतही नाही. ना बटण, ना मोटर. छज्जा एकदा ओतला, की दरवर्षी आपलं काम आपण करतो.

पूर्व चालते. सकाळचं ऊन हिवाळ्यात हवंसं, उन्हाळ्यात नऊ वाजले की चिका खाली.

पश्चिम म्हणजे डोकेदुखी. दुपारी चारनंतर ऊन आडवं येतं, छज्ज्याच्या खालून घुसतं. तिथे छज्जा कितीही पुढे काढा, उपयोग नाही. उभी आड लागते. या घरात पश्चिमेची निम्मी काच काढून चक्क वीट घातली, आणि उरलेल्या काचेसमोर लोखंडी जाळीवर मधुमालती चढवली. वेल दाट व्हायला वेळ लागतो, तोवर चिक.

(दृश्य: छपराखालच्या झडपा उघडणारा हात.)

आता हवा. जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर, आणि छताला एक झरोका असायचा. चुलीचा धूर त्यातून जायचा, उजेड त्यातून यायचा आणि वर चढलेली गरम हवाही तिथूनच निघून जायची. पाऊस आला की त्यावर पत्रा सरकवायचा. काचेच्या खोलीला हीच सोय बहुतेक जण ठेवत नाहीत. सरकत्या खिडक्या मध्यावर असतात, आणि सगळी गरम हवा त्यांच्या वर छपराला टेकून बसते. म्हणून छपराला लागून, सगळ्यात उंच जागी झडपा हव्यात. आणि समोरच्या बाजूला, जमिनीलगत, गार हवा आत यायला दुसऱ्या झडपा. दोन्हींमधलं उंचीचं अंतर जितकं जास्त, तितका ओढा जास्त. मच्छरदाणीची जाळी लावणार असाल तर झडप मोठी ठेवा, जाळी वारा अडवते. उन्हाळ्यात रात्रभर हे सगळं उघडं ठेवायचं.

एवढं केलं, की कूलरला बोलवा. सोलापूरची एप्रिल-मेची दुपार कोरडी असते, त्यामुळे कूलर इथे खरोखर चालतो. वाऱ्याचं तापमान दहा-बारा अंशांनी सहज उतरतं. मात्र खोली बंद करून कूलर लावणं म्हणजे नुसती दमट कोंडी. ओली हवा बाहेर जायला वरची झडप उघडी हवीच. आणि जिथे वर्षानुवर्षं नळाला रोज पाणी आलेलं नाही, त्या शहरात कूलरच्या टाकीचं पाणीही आधीच मोजून ठेवावं लागतं. जुलै आला, हवा ओलसर झाली, की त्याचा उपयोग संपला. तेव्हा पंखा पुरतो.

(दृश्य: वळवाचा पाऊस. छप्पर आणि भिंतीचा सांधा.)

पावसाळा इथे कमी, पण आला की वाऱ्यासकट येतो. आधी वळीव, मग सप्टेंबरातला मोठा पाऊस. गळती बहुतेक वेळा नव्या छपराच्या आणि जुन्या भिंतीच्या सांध्यात होते. नुसतं सिलिकॉन भरून चालत नाही, कालांतरानं ते सुटतं. भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी आत घालावी लागते, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी पट्टीवरून छपरावर उतरतं. पॉलीकार्बोनेट ठेवलंच असेल तर आणखी एक खबरदारी. तीन मीटरची शीट ३० अंशांच्या फरकानं जवळजवळ ६ मिलिमीटर वाढते. स्क्रूचं भोक नेमकं स्क्रूएवढंच पाडलं, तर शीट तिथेच तडकते. भोक सैल पाडा, वर रबरी वॉशर लावा. आणि डोक्यावर काच हवीच असेल तर ती लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मध्ये चिकट फिल्म असलेली, फुटली तरी तुकडे धरून ठेवणारी. नुसती टफन फुटली, तर तुकडे थेट खाली येतात.

गच्ची बंदिस्त करायला महापालिकेची परवानगी लागते का, हे काम सुरू करण्याआधी आर्किटेक्टला विचारून घ्या. नंतर विचारणं महाग पडतं.

(दृश्य: खोलीची पूर्वेकडची कड. खाली लाकडी बाज.)

पैसे एकाच कामापुरते असतील, तर ते बाहेरच्या सावलीत घाला. त्यानंतर वरच्या झडपा, मग छप्पर. एसी सगळ्यात शेवटी, आणि तोवर बहुधा लागणारच नाही.

या घरात छप्पर पूर्ण झाकायचं ठरलं होतं. पॅनलवाला माप घेऊन निघाला, तेव्हा आजींनी त्याला जिन्यात गाठलं. "सगळं झाकू नका हो दादा. कुरडया कुठं वाळवायच्या मी?" म्हणून पूर्वेच्या कडेला दोन फुटांची पट्टी लॅमिनेटेड काचेची ठेवली. तिच्यावर ओढायला एक चिक आहे, आणि ती उघडी ठेवायची की मिटायची, हे एप्रिलभर आजी ठरवतात. बाजेवर पांढरं धोतर पसरून कुरडया, सांडगे, सालपापड्या. धूळ नाही, कावळा नाही, वळिवानं पळापळ नाही. सुनेचा लॅपटॉप पलीकडच्या सावलीत, झडपेखाली.