टॅपेटची वही

श्रोतेहो, नमस्कार. सोलापुरात अजूनही एखाद्या दारात ताडपत्रीखाली जुनी अ‍ॅम्बॅसेडर उभी असते. मालक भेटले की प्रश्न ठरलेला: "अनलेडेडनं इंजिन खाल्लं का हो?" अनलेडेड म्हणजे बिनशिशाचं पेट्रोल.

इंजिनची ठोक थांबवायला पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती 1921 साली अमेरिकेत सापडली. त्याचा एक फायदा आपसूक मिळत होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनमधला धूर बाहेर सोडणारी झडप, मिटताना जिथं टेकतो त्या सीटवर शिशाचा पातळ थर बसायचा. तो नसला की तापलेला व्हॉल्व्ह सीटला चिकटतो आणि उघडताना लोखंडाचा कण उपटतो. मग ते कण पॉलिश पेपरसारखे सीट घासत बसतात. पण शिसं म्हणजे विषच, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच वाईट. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर अनलेडेड आलं ते बरंच झालं.

फियाटवाल्यांनी फार घाबरू नये. त्यांचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात ते इंजिनचं वरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं, त्यात सीट मुळात वेगळी बसवलेली. अ‍ॅम्बॅसेडरच्या जुन्या 1489 सीसी इंजिनचं हेड बिडाचं, सीट त्या बिडातच कापलेली. झीज होते ती इथं.

म्हणून लगेच हेड उतरवू नका. आधी टॅपेट बघा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक गॅप. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होते. टॅपेट ढिला झाला तर खडखडतो, असा घट्ट झालेला मात्र गप्प असतो. गॅप पार संपली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. मी दर दोन हजार किलोमीटरला, एकाच पद्धतीनं, फीलर गेजनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, आठही व्हॉल्व्हच्या गॅप मोजून वहीत लिहितो. पुण्याला हायवेनं भरधाव जाऊन आलो की मधल्या दोन एक्झॉस्टचे आकडे उतरलेले दिसतात. त्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच वाटेनं बाहेर पडतो, ताप तिथंच साठतो. गावात फिरलो तर वर्षभर आकडा हलत नाही.

आकडा सारखाच उतरत असेल, तरच कडक सीट बसवा, तीही फक्त एक्झॉस्टला. आणि लेथवाला पारखून घ्या. माझ्या पहिल्या हेडात सीट सैल बसली होती. तुळजापूरच्या घाटात ती निसटली, गाडी तीन सिलिंडरवर आली आणि आम्ही टेम्पोला दोर बांधून परतलो. सीट घट्ट बसायची तर खाच तिच्यापेक्षा जराशी लहानच कापावी लागते, हे मी त्या दिवशी शिकलो.

हेड उतरवलंच आहे तर पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलून टाका. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, त्यानं जुनं रबर फुगतं.