सिरियलमधली चिनी आणि चाकणमधली नोकरी

श्रोतेहो, नमस्कार.

चिनी मालिका बघून चिनी भाषा येते का, आणि आलीच तर तिच्यावर पोट चालतं का, हे दोन प्रश्न लोक मला एका दमात विचारतात. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, म्हणून आज ती सुटी करून सांगते. चाकणजवळच्या एका कारखान्यात मी परचेसमध्ये आहे. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. त्यासाठी डाय, सेन्सर, कनेक्टर असा बराच माल चीनमधून येतो. लॉकडाऊनमध्ये मला चिनी मालिकांचा नाद लागला. तो सुटला तर नाहीच, उलट घरात पुस्तकं आली, मागोमाग परीक्षा आल्या, आणि आता नोकरी सोडून पूर्णवेळ दुभाषाचं काम धरावं का, असं मनात घोळतंय. निर्णय झालेला नाही. तेव्हा हा यशस्वी माणसाचा सल्ला समजू नका. जिचं अजून ठरायचंय अशा बाईचा हिशेब म्हणून ऐका.

भाषा शिकायला चिनी मालिका फार सोयीच्या पडतात. पडद्याच्या तळाशी चिनी अक्षरांची ओळ जवळपास कायम असते, आणि ती काही परदेशी प्रेक्षकांसाठी नसते. दक्षिणेकडच्या क्वांगचौ शहराचा माणूस घरात जी बोली बोलतो ती पेइचिंगच्या, म्हणजे बीजिंगच्या, माणसाला कळत नाही. लिहिलेलं मात्र दोघेही वाचू शकतात. म्हणून ती ओळ. आपल्याला फुकटात फायदा असा की कानावर शब्द पडतो त्याच क्षणी डोळ्यांपुढे अक्षर असतं. शिवाय डबिंग. राजवाड्यांच्या, तलवारींच्या मालिकांत दिसतो तो नट एक आणि ऐकू येतो तो आवाज दुसऱ्याचा, हे तिकडे अगदी सर्रास चालतं. चच्यांग प्रांतात हंगत्येन नावाची अवाढव्य चित्रनगरी आहे. तिथे एकाच वेळी कितीतरी युनिटं शूटिंग करत असतात, त्या गोंगाटात आवाज नीट धरला जात नाही. त्यात हाँगकाँग-तैवानकडच्या नटांचा हेल वेगळा. मग स्टुडिओत आवाज देणारे कसलेले कलाकार बसतात. २०११ साली आलेली 'चन ह्वान च्वान' ही राणीवशाची मालिका घ्या. नायिकेचं काम सुन लीनं केलं, आवाज मात्र ची क्वानलिनचा. शब्द न् शब्द असा सुटा, धुतलेला, की नवख्या माणसालाही दोन शब्दांमधली फट ऐकू येते.

आता थोडं गणित. या मालिकेचे भाग ७६, प्रत्येक साधारण पाऊण तासाचा. झाले ५७ तास. अमेरिकी सरकारची आपल्या राजदूतांना भाषा शिकवणारी संस्था आहे. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला कामापुरती चिनी यायला वर्गातले २२०० तास लागतात, असा तिचा हिशेब. म्हणजे नुसत्या मालिकांवर भागवायचं म्हटलं तर अशा अडतीस-एकोणचाळीस मालिका, आणि त्याही वहीपेन घेऊन. पोळ्या लाटताना मागे चालू असते ती करमणूक. ती मीही करते, पण तिला अभ्यास म्हणत नाही. अभ्यास म्हणजे चार-पाच मिनिटांचा एकच प्रसंग. आधी अर्थासकट बघायचा, मग फक्त चिनी ओळीवर, मग डोळे मिटून ऐकायचा, आणि शेवटी पात्राच्या बरोबरीनं, त्याच वेगात, मोठ्यानं बोलायचं. घरातले हसतात. हसू द्यावं.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाला एक सवलत आहे, आणि इंग्रजीतून छापलेली पुस्तकं ती हिरावून घेतात. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत, पिनयिन, १९५८ साली मंजूर झाली. तिच्यात 'बी' लिहिलेलं असलं तरी उच्चार ब नसतो, आपल्या प-च्या जवळ असतो. आणि 'पी' लिहिलं की ओठ मिटून म्हटलेला फ. तसंच त आणि थ, क आणि ख. म्हणूनच बातम्यांमधलं 'बीजिंग' प्रत्यक्षात पेइचिंग आहे. श्वास सोडून आणि न सोडता अशा दोन तऱ्हा इंग्रज माणसाला घाम फोडतात. आपण त्या बाराखडीतच गिरवलेल्या असतात. आणि च तर आपल्याकडे दोन. निरोप घेताना चिनी माणूस म्हणतो, 'चाय च्येन'. यातला पहिला च चमच्यातला, दुसरा चिंचेतला. पुस्तक बाजूला ठेवून कानानं ऐकलं तर मराठी माणूस हे पहिल्याच दिवशी बरोबर म्हणतो.

सूर मात्र कुणालाच सुटत नाहीत. रेडिओवर अक्षरं दाखवता येत नाहीत, पण सूर ऐकवता येतात, म्हणून एकच जोडी ऐकवते. 'माय', खाली दाबून, मग किंचित वर : विकत घेणं. 'माय', वरून खाली झटक्यात : विकणं. आमच्या परचेस खात्यात या दोन सुरांत किती रुपयांचा फरक पडेल ते तुम्हीच बघा! वर्गात हे तक्त्यावर शिकवतात. मालिकेत ते रागात, रडण्यात, कुजबुजीत ऐकू येतं, आणि सूर तिथेच मुरतात. खाली दाबायचे दोन सूर लागोपाठ आले की पहिला आपोआप वर चढतो, हा नियम मी पुस्तकात वाचला तेव्हा कानाला तो आधीच ठाऊक होता.

पण मालिकांनी मला खरं शिकवलं ते वेगळंच. आमच्याशी फोनवर बोलणारी ती माणसं एकमेकांशी कशी वागतात, हे त्यातून कळलं. २०१९ची 'तोउ थिंग हाओ' ही मालिका सूचौ शहरात घडते. नावाचा अर्थ 'सगळं छान चाललंय', आणि घरात काहीही छान चाललेलं नाही. आयुष्यभर मुलग्यांसाठी पैसा काढणारी आणि मुलीच्या वेळी हात आखडणारी आई जाते, आणि मागे उरलेला म्हातारा बाप तिन्ही मुलांना नाचवतो. हातानं दळलेलीच कॉफी पाहिजे म्हणून तो रात्री हट्ट धरून बसतो, तो प्रसंग चीनभर गाजला. वाटणी, पैसा, कोणी किती दिवस सांभाळायचं... आपल्याकडच्या कुठल्याही घरात हे उलगडून सांगावं लागणार नाही.

ऑफिसांच्या मालिका तर मी कामाचा भाग म्हणूनच बघते. वांग आडनावाच्या मालकाला 'वांग चोंग' म्हणायचं, ली नावाच्या इंजिनिअरला 'ली कोंग', आणि मशिनवरच्या जुन्याजाणत्या कारागिराला 'शिफू'. नुसत्या नावानं हाक मारली की समोरचा गार पडतो. पेला भिडवताना आपल्या पेल्याची कड मोठ्या माणसाच्या पेल्याखाली ठेवायची. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे नकार. सप्लायर 'आम्ही यावर जरा अभ्यास करतो' म्हणाला की ते बहुधा होत नाही, आणि 'शक्य तितका प्रयत्न करू' म्हणाला की डिलिव्हरीची तारीख गेलीच म्हणून समजायचं. हे मला कुठल्या व्याकरणात सापडलं नाही. नायिकेला लग्नाची मागणी टाळताना ऐकलं आणि सोमवारी तेच वाक्य ई-मेलमध्ये वाचलं.

आता मालिका जे शिकवत नाहीत त्याकडे येते. राणीवशातली चिनी ऐकायला कितीही गोड असली तरी व्यवहारात कवडीची नाही. बादशहापुढे राणी स्वतःला 'छन छ्ये' म्हणवून घेते. व्हिडिओ कॉलवर कुणी असं बोललं तर पलीकडचे खुर्चीवरून पडतील. आणि यंत्रापुढे तर मालिकेतलं सगळं संचित अपुरं पडतं. २०२० नंतरच्या वर्षांत चिनी इंजिनिअरांना व्हिसा सहज मिळत नव्हता. तेव्हा आमचं एक मशिन व्हिडिओ कॉलवर बसवलं. पलीकडे शिफू, अलीकडे आमचा ऑपरेटर हातात पाना घेऊन, मधे मी. शिफू म्हणाला, अजून थोडं घट्ट कर. ऑपरेटरनं केलं. अजून थोडं. ऑपरेटर वैतागून म्हणाला, "मॅडम, थोडं-बिडं नको, टॉर्क विचारा." टॉर्क म्हणजे आवळण्याचा जोर, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. विचारला, तर उत्तर आलं ते न्यूटन-मीटरचं तिकडचं शॉर्ट रूप, 'न्यू मी'. सुटे बघितले तर हे दोन शब्द बैल आणि तांदूळ! मालिका बघून चिनी शिकलेल्या माणसाला इथे जेवणाचा विषय निघाला असंच वाटेल. टॉर्क काय असतो हे मला ठाऊक होतं म्हणून निभावलं.

आकड्यांचंही तसंच. चिनी मोजणी हजारावरून थेट दहा हजारांच्या घरात जाते. त्या घराला 'वान' म्हणतात. दहा वान म्हणजे आपला एक लाख, हजार वान म्हणजे एक कोटी, आणि पुढचं घर 'यी', म्हणजे दहा कोटी. मिलियनमधून जाणारे दुभाषे इथे अडखळतात. लाख-कोटीत विचार करणाऱ्याला त्या मानानं सोपं जातं, पण फोनवर भाव फुटत असताना हे तोंडावर यायला सराव लागतो, आणि तो मालिका करून घेत नाहीत.

तर पोटाचा प्रश्न. चीनशी नातं जोडलेली दोन मराठी माणसं मला या संदर्भात आठवतात. वसंत परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर पेकिंगला शिकायला गेले, पुढे आपल्या वकिलातीत राहिले, आणि १९५४ साली पंडित नेहरू चीनला गेले तेव्हा माओंबरोबरच्या भेटीत त्यांनी दुभाषाचं काम केलं. भाषा हाच त्यांचा व्यवसाय, पण पाठीशी सरकार होतं. दुसरे सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली काँग्रेसनं पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून गेले, जखमींमध्ये राहून चिनी शिकले, चिनीतून शिकवू लागले, आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांचा धंदा डॉक्टरकीच राहिला. भाषा त्या कामातून आली आणि त्याच कामाला लागली. माझ्यासारख्या, चाळिशीकडे झुकलेल्या, घराचे हप्ते चालू असलेल्या बाईला परांजपे होणं परवडत नाही. कोटणिसांची रीत मात्र आजही चालण्याजोगी आहे.

कारण नुसत्या भाषेचा बाजार फार लहरी आहे. रांजणगावला हायरचा कारखाना आहे, चाकणला सॅनीचा, दोन्ही चिनी कंपन्या. म्हणजे काम दारात आहे असं वाटतं. पण २०२०च्या एप्रिलमध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरीची अट लागली, जूनमध्ये गलवान झालं, महिनाअखेरीस ५९ अ‍ॅप बंद झाली, त्यात चिनी मंडळींशी बोलायचं वीचॅटही गेलं. बंद पडलेली थेट विमानं सुरू व्हायला २०२५चा ऑक्टोबर उजाडला. ज्यांच्या पदरी फक्त भाषा होती त्यांनी मधली वर्षं कशी काढली असतील, याचा विचार राजीनामा लिहिण्यापूर्वी करावा. पुण्यात जपानी शिकणाऱ्याला क्लास, परीक्षा, नोकरी अशी मळलेली वाट आहे. चिनीची तशी नाही, निदान अजून तरी.

त्यात यंत्राचं भाषांतर. ई-मेल, कॅटलॉग, कोटेशन ही कामं आता यंत्र करतं. मी स्वतःही त्याच्याकडूनच करून घेते, उगाच सोवळं कशाला पाळा. माणूस लागतो तो मशिनपुढे, भांडणात, आणि जेवणाच्या टेबलावर. तिथे एचएसकेची, म्हणजे चिनी भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेची, कितवी पायरी पास केलीत हे कुणी विचारत नाही. त्या नेहमीच्या परीक्षेत ऐकणं आणि वाचणं असतं, पुढच्या पायऱ्यांवर लिहिणंही. बोलण्याची परीक्षा बहुतेक पायऱ्यांना वेगळी, आणि ती द्यायची बरेच जण विसरतात. नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र लागतं म्हणून द्यावी जरूर. पण परचेस, क्वालिटी, टूलरूम, कस्टम्स क्लिअरन्स, यांतलं काहीतरी एक हाताशी असेल तर चिनीला भाव येतो. नसेल तर आधी ते मिळवा, असं मी माझ्या भाचीलाही सांगितलं. तिला ते आवडलं नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर राजीनामा लिहिलेला नाही. क्वांगचौला वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, १९५७ पासून निर्यातीचा मोठा बाजार भरतो. या खेपेला रजा टाकून, दुभाषी म्हणून मी तिकडे जाणार आहे. दोन छोट्या व्यापाऱ्यांनी विचारलं होतं. एकाला स्वयंपाकाची भांडी घ्यायची होती, त्यातलं मला काही कळत नाही, म्हणून त्याला नाही म्हटलं. दुसऱ्याला नटबोल्ट आणि हँडटूल्स हवीत, त्याला हो म्हटलंय. दिवसाचे पैसे किती घ्यायचे ते अजून ठरायचंय, तो म्हणतो, "बघू, काहीतरी करू." हे वाक्य मी चिनीत पुष्कळदा ऐकलेलं आहे, तेव्हा आकडा लेखी घेतल्याशिवाय तिकीट काढणार नाही. नमस्कार.