चाचपडणारं पाऊल

मंडळी, युद्धपटांकडे वळण्याआधी कळव्याची एक गोष्ट सांगतो. २७ जुलै २००५ची सकाळ. मी तेव्हा बातम्यांसाठी कॅमेरा चालवायचो. ठाण्याहून पूल ओलांडून पायीच गेलो होतो. एका गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी होतं आणि त्यातून एक माणूस म्हाताऱ्या आईला पाठुंगळीला घेऊन येत होता. मी कॅमेरा खांद्यावर घेईपर्यंत तो कोरड्या जागी पोचलासुद्धा. मी म्हणालो, "दादा, जरा परत येता का त्या टोकापासून?" तो काही बोलला नाही. आईला घेऊन तसाच मागे वळला.

पहिल्या खेपेला त्याला मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गटाराचं झाकण कुठे उघडं आहे ते माहीत नसल्यानं तो पायानं तळ चाचपत होता. अंगठा टेकवायचा, थांबायचा, मग वजन टाकायचा. दुसऱ्या खेपेला त्याला वाट कळली होती. टेपवर आली ती ही दुसरी खेप, आणि तीच घराघरांत दिसली. ते चाचपणं कुणालाच दिसलं नाही. मला आजही त्या माऊलीची माफी मागावीशी वाटते.

आता पहिल्या महायुद्धातली सोमची लढाई. १ जुलै १९१६, फ्रान्स. एका दिवसात ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल हे दोन कॅमेरामन तिथे होते. त्यांचा माहितीपट ऑगस्टमध्येच लंडनला लागला. सैनिक खंदकातून वर चढतात आणि त्यातले काही तिथेच कोसळतात, हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं दृश्य. ते आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी करवून घेतलेलं आहे. सैनिकांच्या पाठीवर लढाईचं ओझं नाही, तारेचं कुंपण नावापुरतं. आणि मुख्य म्हणजे कॅमेरा जिथे आहे, तिथे गोळीबारात तिकाटणं रोवून हँडल फिरवत कोण उभा राहील?

पण त्याच चित्रपटात हॉथॉर्न टेकडीखालचा सुरुंग उडतो, तो खरा. वेळ ठरली होती सकाळी ७.२०. मॅलिन्सनं आधीच हँडल फिरवायला घेतलं, आणि स्फोट होईना. फिल्म तर संपत चाललेली. मग जमीन हादरली. त्या मातीच्या लोटामागे वाट बघणाऱ्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला आहे. खंदकाच्या दृश्यात कुणाचाच जीव तसा टांगणीला नाही, कारण कुणी कधी पडायचं ते आधीच ठरलं होतं.

म्हणून 'घडवलेलं ते खोटं' असं मी सरसकट म्हणणार नाही. १८९९ साली सावेदादा भाटवडेकरांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. कुस्ती कुणीतरी लावावीच लागते. नूरा कुस्ती वेगळी. तिथे दोघांनाही निकाल माहीत असतो.

'८४ चार्ली मोपिक' हा १९८९चा चित्रपट याच कारणासाठी मला मोठा वाटतो. व्हिएतनाममधल्या एका तुकडीबरोबर लष्कराचा कॅमेरामन निघतो. नावातला ८४ चार्ली हा त्याच्या कामाचा लष्करी संकेत, आणि मोपिक म्हणजे मोशन पिक्चर. सगळा चित्रपट त्याच्याच कॅमेऱ्यातून दिसतो, त्यामुळे तो स्वतः क्वचितच दिसतो. चित्रीकरण कॅलिफोर्नियात झालं, सैनिक म्हणजे नट. पण दिग्दर्शक पॅट्रिक डंकन स्वतः व्हिएतनाममध्ये लढला होता. कॅमेऱ्याला त्यानं पुढचं काही कळू दिलेलं नाही. गोळी सुटल्यावर कॅमेरा वळतो, तोही उशिरा आणि कधी चुकीच्या बाजूला. ज्याला पटकथा माहीत आहे त्याच्याकडून असा उशीर करवून घेणं फार कठीण असतं. हे मी कॅमेरामन म्हणून सांगतो.

आता दिवे घालवूया. आधी सोमचा खंदक दाखवतो. पहिला सैनिक वर येईल तेव्हा चेहरा राहू द्या, त्याच्या पायांकडे बघा.