सोमवारची पोटदुखी

मंडळी, 'मुलांच्या भावनिक अडचणी आणि उपचारांचे पर्याय' असा विषय जाहीर झालाय. पर्यायांकडे येतेच, पण आधी सोमवारच्या पोटदुखीबद्दल मनापासून बोलायचंय.

रविवारी रात्रीपर्यंत मूल ठणठणीत. सोमवारी सकाळी युनिफॉर्म अंगात, एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि पोटात कळ. आई म्हणते, "राहू दे आज." दहा वाजता पोट शांत! ही कळ नाटकी नसते हो. भीतीनं पोटात गोळा येतो म्हणतो ना आपण, तो खरोखर येतो. पण घरी राहिल्यावर जी सुटका वाटते, तीच मनात ठसते. मंगळवारी कळ आणखी लवकर उठते. माया आपलीच, आणि पोसली जाते भीती.

आधी बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. मग विचारा, वर्गात कोणी मारतं, चिडवतं का? वाचताना अक्षरं अडतात का? तसं असेल तर आधी ते मिटवा. छळाची सवय लावणं हा मुलावर अन्याय आहे.

तसं काही नसेल तर भीतीची शिडी. मूल स्वतः प्रत्येक पायरीला 0 ते 10 गुण देतं. समजा, गेटपर्यंत जाऊन परत येणं 3. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसणं 4. आवडत्या बाईंचा एक तास 6. मधल्या सुट्टीपर्यंत 8. पूर्ण दिवस 10. सुरुवात 3 पासून, रोज, गुण निम्मे होईपर्यंत तीच पायरी. जाण्याआधी वहीत लिहायचं, "मला उलटी होईल, सगळे हसतील." आल्यावर त्याच ओळीत शेजारच्या रकान्यात लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. ही दोन रकान्यांची वही जपून ठेवा, सगळं काम तीच करते.

बिघडतं कुठे? भीती 8 वर असताना मुलाला उचलून घरी आणलं, की लक्षात राहते ती फक्त सुटका. दुसरं म्हणजे लपलेल्या कुबड्या. खिशातला मोबाइल, गेटबाहेर थांबलेले आजोबा, "काही होणार नाही ना?" हे दर पाच मिनिटांनी विचारणं. दिवस निभावला तरी श्रेय आजोबांना जातं! म्हणून आजोबांनीही आधी गेटपाशी, मग कोपऱ्यावर, मग घरी, असं टप्प्याटप्प्यानं मागे यायचं. आणि दिवाळीची सुट्टी संपली की दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा सुरुवात करा.

ही युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. 1924 साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या छोट्या पीटरची हकिगत प्रसिद्ध केली. तो खात असताना पिंजरा थोडा थोडा जवळ आणत गेले, आणि शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

चिठ्ठी आलीये, वेळ संपत आलाय, तेव्हा बाकीचं भराभर सांगते. शिडी हा सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या बोलण्याच्या उपचाराचा भाग. 2008 साली अमेरिकेत 7 ते 17 वयाच्या 488 चिंताग्रस्त मुलांवर अभ्यास झाला. 12 आठवड्यांत सीबीटीनं सुमारे 60 टक्के, सर्ट्रालिन या नैराश्य-चिंतेवरच्या गोळीनं 55, दोन्ही मिळून 81, तर औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीनं 24 टक्के मुलं सुधारली.

दोन ते सात वर्षांच्या हट्टी, चिडक्या मुलांसाठी पालकांनाच खेळायला शिकवतात. घरी रोज पाच मिनिटं मूल म्हणेल तो खेळ, प्रश्न नाहीत, हुकूम नाहीत. मूल यायलाच तयार नसेल तर एकट्या पालकांबरोबरही काम करता येतं.

स्वतःला इजा करणाऱ्या किशोरांसाठी डीबीटी नावाची उपचारपद्धत असते, त्यात तीव्र भावना सोसायची कौशल्यं शिकवतात आणि घरच्यांनाही सामील करतात. नैराश्याची गोळी मानसोपचारतज्ज्ञच देतील. पहिले काही आठवडे मरणाचे विचार वाढतात का याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, आणि गोळी मनानं बंद करू नका.

मूल मरणाची भाषा बोललं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर, रात्रीबेरात्रीही फोन करा, फुकट आहे. त्या रात्री मुलाला एकटं झोपवू नका. घरातली औषधं आणि शेतावरची फवारणीची बाटली कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ.