‘मोठा श्वास घे’ म्हणणं आधी बंद करा! | पॅनिक अटॅक आणि मी

नमस्कार मंडळी. चहा घेऊन बसलात तर उत्तम, पुढे लागणार आहे.

मागच्या व्हिडिओत मी ओघात बोलून गेले की मला पॅनिक अटॅक येतात. तेव्हापासून तुमचा एकच धोशा: ताई, होतं काय आणि करायचं काय? होतं काय, ते भराभर सांगते. धडधड, घाम, मुंग्या, आता आपण जातोय असं वाटणं. दहाएक मिनिटांत शिगेला पोचतं, बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरतं. पहिल्यांदाच छातीत दुखत असेल तर हा व्हिडिओ बंद करा आणि डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढा. झालं.

आता माझं खरं दुखणं. ‘मोठा श्वास घे.’

२०१९ ची गोष्ट. डोंबिवलीला मावशीकडे गेले होते, तिथून ठाण्याला परत येत होते. फास्ट लोकल, लेडीज डबा. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १.३ किलोमीटरचा बोगदा. शिरताना ठीक होते, आत माझी बोटं वाकडी व्हायला लागली. समोरच्या काकू, देव त्यांचं भलं करो, पाठ चोळत म्हणतायत, “मोठा श्वास घे बाळा. अजून मोठा.” मी आपली घेतेय. ओठ बधिर! ठाणं येईपर्यंत मला बाकावर आडवं केलं होतं.

अहो, हवा कमी पडतच नसते. तसं वाटतं फक्त. धापा टाकून टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटलेला असतो. चक्कर, मुंग्या, बधिर ओठ बरेचसे त्यानेच. त्यात अजून मोठा श्वास म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणं.

म्हणून सोडायचा. घ्यायचा नाही, सोडायचा. बशीतला चहा फुंकतो ना, तसा. हे बघा... फूऽऽ. हळू, चहा सांडता कामा नये. आत यायचा तो आपोआप येतो, त्याला आमंत्रण लागत नाही. आणि तोंडाला कागदी पिशवी लावू नका. दमा किंवा हृदयाचं काही असेल तर ते धोक्याचं आहे.

“ताई, ओंकार करा” लिहिणाऱ्यांवर मी चिडले होते. माफी. करून बघितला. ओंकार म्हणताना श्वास सुटतच असतो की! पण “ओंकार करा, गोळ्या फेका” वाल्यांना माफी नाही. माझी गोळी चालू आहे, कधी थांबवायची ते माझे डॉक्टर ठरवतील.

लोकांना सांगायचं का? मी सांगते. फक्त ‘अटॅक’ शब्द जपून. एकदा लिफ्टपाशी म्हटलं, “मला अटॅक आलाय, दहा मिनिटं बसते,” तर संध्याकाळपर्यंत सोसायटीभर मला हार्ट अटॅक येऊन गेला होता. एक आजोबा नारळपाणी घेऊन आले. आता मी सरळ म्हणते, “जीव घाबराघुबरा झालाय, जरा बसते.” आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना मी उगाच इंग्रजी झाडत होते.

ऑफिसात सांगितलं तर एकजण म्हणाला, “बरंय, तू ठाण्यातच राहतेस.” कळला ना विनोद? इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, आणि ‘ठाण्याला पाठवा’ हा विनोदही तितकाच जुना असावा. मी म्हटलं, हो रे, रिक्षाने जाता येतं. नंतर त्यानेच हळूच विचारलं, डॉक्टर कसा शोधलास? त्याला दिला तोच नंबर तुम्हाला: १४४१६, टेलि-मानस, सरकारी आणि फुकट. मराठीतही बोलता येतं.

आणि जवळच्या माणसाला अटॅक आला तर? पाठ चोळा, पाणी द्या, काही हरकत नाही. पण तोंडातून ‘मोठा श्वास’ निघाला तर... बशी आठवा. शेजारी बसून तुम्हीच फुंकायला लागा, तो बघून फुंकेल.

राहता राहिला सासूबाईंना कसं सांगायचं हा प्रश्न. चौघींनी विचारलाय. मला सासूबाई नाहीत. ज्यांनी सांगितलंय त्यांनी खाली लिहा, मलाही ऐकायचंय.