गरी टाकण्याआधी

(दृश्य : पहाट, मालवण बंदर. पाण्यापलीकडे सिंधुदुर्ग किल्ला. बर्फाच्या लाद्या, मासळीच्या टोपल्या.)

पहाटेचे पावणेसहा. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग अजून नुसती काळी रेघ आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला या किल्ल्याचा पाया घातला गेला. आजूबाजूला पाण्याखाली एवढे खडक आहेत, की तेव्हाही वाट दाखवायला इथलीच माणसं लागली असणार. आज साडेतीनशे वर्षांनंतरही तेच आहे. मशीन कितीही चांगलं घ्या, या बंदरातून होडी बाहेर काढायची तर तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, इथलाच हवा.

वारा पाठीवर येतोय, जमिनीकडून समुद्राकडे. हा मतलई. मतलई वाहतोय तोवर बाहेर पडायचं आणि दुपारचा खारा वारा उठायच्या आत परत यायचं. सुट्टीवर आलेल्या माणसाला पहाटे चारला उठवायचं कारण एवढंच.

(दृश्य : होडीत चढणारं कुटुंब. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळणारे हात.)

हे कुटुंब ठाण्याहून आलंय. आई, बाबा, मामा आणि बारा वर्षांची मुलगी. चार दिवसांच्या सुट्टीतली एक सकाळ त्यांनी गरवण्यासाठी राखून ठेवली आहे. गरवणं म्हणजे गरीने, गळाने मासा धरणं. हा शब्द इथला आहे, जुना आहे, आणि 'स्पोर्ट फिशिंग' या शब्दाच्या कितीतरी आधीपासून तो या किनाऱ्यावर बोलला जातोय.

अख्खी होडी आज त्यांची. २८ फुटी, फायबरची, मागे दोन इंजिनं. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता यावं म्हणून दोन.

(दृश्य : आदली संध्याकाळ. दांडी किनारा. वाळूत ओढलेल्या होड्या, जाळी विणणारे लोक. मामा आणि तांडेल बोलताहेत.)

ही भेट आदल्या संध्याकाळची. मामा फोनवर पैसे पाठवून मोकळे झाले नाहीत. ते किनाऱ्यावर आले, होडी बघितली, तांडेलाशी बोलले. या चित्रफितीत आम्हाला जे दाखवायचंय, ते मुख्यतः याच वीस मिनिटांत आहे.

तीन वर्षांपूर्वी याच विषयावर चित्रण करायला आम्ही पुण्याहून फोनवर होडी ठरवली होती. मध्ये एक दलाल होता. पूर्ण रक्कम आगाऊ दिली. बंदरावर पोचलो, तेव्हा सात माणसांसाठी तीन लाइफ जॅकेटं होती, त्यातल्या एकाचा पट्टा तुटलेला. होडीला परवाना होता तो मासेमारीचा, प्रवासी नेण्याचा नव्हता. आणि होडीवाल्याशी बोलल्यावर कळलं, आम्ही भरलेल्या पैशातला निम्मा भागही त्याच्या हातात पडणार नव्हता. आम्ही त्या दिवशी समुद्रात गेलो नाही. तो बिचारा डिझेल भरून बसला होता, त्याचे पैसे आम्ही दिले आणि परत फिरलो.

तेव्हापासून आम्ही हे विचारतो, आणि तुम्हीही विचारा.

(दृश्य : होडीच्या अंगावरचा नोंदणी क्रमांक. कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी.)

नोंदणी कसली आहे? मासे धरायचा परवाना वेगळा, तो मत्स्यव्यवसाय विभागाचा. पाहुणे घेऊन समुद्रात जायचा परवाना वेगळा, तो महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा. दुसरा नसेल, तर विम्याचा प्रश्न येतो तेव्हा कागद तुमच्या बाजूने बोलत नाही.

माणसं किती, तेवढी जॅकेटं आहेत का? मुलांच्या मापाची आहेत का? मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं, तर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जातं. वायरलेस चालतो का? चालू करून दाखवा म्हणायला लाजू नका, चांगला तांडेल स्वतःच चॅनल १६, म्हणजे संकटात हाक मारायचा चॅनल, लावून दाखवतो. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३, हे दोन नंबर फोनमध्ये भरून ठेवा. आधार कार्ड सोबत असू द्या.

आणि पैसे तासांचे ठरवा. 'एवढे मासे मिळाले तर एवढे' असला व्यवहार करू नका. मासा मिळावा म्हणून वारा फिरल्यावरही होडी पुढे रेटली जाते, ती अशाच व्यवहारापायी.

मामांनी हे सगळं विचारलं. मग तांडेलाने त्यांना एकच प्रश्न केला.

"गरवूक येता तुमका?"

मामा म्हणाले, लहानपणी नदीवर गळ टाकलाय. तांडेलाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसासाठी एक रॉड कमी, एक माणूस जास्त असा हिशेब केला. शिकवायला पुतण्या सोबत घ्यायचा ठरला.

(दृश्य : होडी वेग घेते. किल्ला मागे पडतो. उजेड.)

किल्ल्याभोवतीचं हे पाणी मालवण सागरी अभयारण्याचं आहे. १९८७ साली जाहीर झालेलं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. किल्ला आणि शेजारचा छोटा पद्मगड मागे पडेपर्यंत या होडीवरची एकही दोरी पाण्यात जात नाही. पाहुण्यांना घाई असते, समोर मासे उडताना दिसतात. तांडेल ऐकत नाही.

'डीप सी' हा शब्द जाहिरातींत सर्रास दिसतो, म्हणून सांगायला हवं. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं प्रवाळी पठार आहे. ते खरं दूरचं पाणी, आणि सकाळी निघून दुपारी परतणाऱ्या छोट्या होडीचं ते काम नाही. आपण चाललोय ते १५ वाव पाण्यात. वाव म्हणजे दोन हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, सहा फूट. म्हणजे ९० फूट पाणी. सुरमईला एवढं पुरतं.

(दृश्य : जवळून. तांडेलाची बोटं, गरी, तार, पक्कड.)

आता ही बोटं बघा.

दोरीच्या टोकाला आधी स्टीलची बारीक तार येते. सुरमईचे दात कात्रीसारखे चालतात. तार नसेल तर ती नुसती दोरी कापून जाते आणि गरी तोंडात घेऊन फिरत राहते. तारेच्या टोकाला बनावट मासा. लांबट, पोटाला चंदेरी, पाठीला निळा, पुढे पारदर्शक पट्टी. होडी चालू लागली की त्या पट्टीवर पाणी आदळतं आणि हा प्लॅस्टिकचा तुकडा जखमी तारलीसारखा थरथरत पळतो.

मग तांडेल पक्कड घेतो. प्रत्येक गरीच्या टोकाशी एक उलटा काटा असतो, लागलेला मासा निसटू नये म्हणून. तो काटा तो दाबून सपाट करतो. एक, दोन, तीन. सगळ्या गऱ्या. असं केलं की काही मासे निसटतात हे त्याला ठाऊक आहे. पण जो मासा परत सोडायचा आहे, त्याचं तोंड फाडून गरी काढावी लागत नाही.

चाळीस वर्षं जाळ्यावर काम केलेला माणूस हे करतोय.

(दृश्य : पडद्यावर फिश फाइंडरच्या रेषा. तांडेल पडद्याकडे नाही, मागे डोंगराकडे बघतोय.)

होडीवर फिश फाइंडर आहे. तळ दाखवतो, खडक दाखवतो. पण तांडेल बघतोय ते मागे, किनाऱ्याकडे. दोन डोंगरांमधली खिंड पुढच्या टोकाच्या आड गेली, की खाली खडक आहे. ही खूण त्याच्या वडलांनी दिलेली. यंत्रावर तो खडक दिसायला अजून अर्धा मिनिट लागतो.

"पाणी आज वायच गढूळ आसा," तो म्हणतो, आणि होडी थोडी पश्चिमेला घेतो.

(दृश्य : सुरय पक्षी पाण्यावर सूर मारताहेत. दुरून, मग जवळून.)

सुरय पक्षी. ते वरून कोसळताहेत म्हणजे खाली तारल्यांचा थवा आहे. आणि तारल्या पाण्याच्या वर ढकलल्या जाताहेत, म्हणजे त्यांच्या खाली कोणीतरी मोठं आहे. तांडेल होडी थव्यातून नेत नाही. कडेने नेतो, हळू, पळणाऱ्या माणसाच्या वेगाने. थव्याच्या मधून इंजिन गेलं की सगळंच खाली दडी मारतं. दोऱ्या मागे तीस-चाळीस मीटरवर.

(दृश्य : रॉडचं टोक. ते वाकतं.)

(इथे निवेदन नाही. रीळचा आवाज पूर्ण ऐकू द्यावा. मुलगी रॉड धरते. तांडेलाचा आवाज : "घाय करू नको गो चेडवा. तेका दमांदे." सव्वा मिनिट.)

(दृश्य : मासा होडीशी. पाण्यातच. अंगावर उभ्या नागमोडी रेघा.)

सुरमई. पाण्यात असताना तिचा रंग असा असतो. बाजारात तुम्ही बघता तो रंग मेल्यानंतरचा.

ही ठेवली जाते. सुरमई झगडून दमली की सोडूनही बहुधा जगत नाही, तिला श्वासासाठी सतत पोहत राहावं लागतं. म्हणून आदल्या संध्याकाळीच ठरलं होतं, सुरमई एकच, घरी खायला, आणि ती मिळाली की सुरमईच्या दोऱ्या वर. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा धरायचा नाही. ही त्यात नीट बसते. पुतण्याने माप घेतलं, तेही चित्रणात आहे.

(दृश्य : मामांचा रॉड. खडकाजवळ. रुंद, रुपेरी, दणकट मासा.)

दुसरा मासा मामांचा. जायंट ट्रेव्हली, गरवणारे ज्याला नुसतं जीटी म्हणतात. जगभरातले लोक या माशासाठी अंदमानपर्यंत जातात. हा लहान आहे, पण त्याची ओढ बघा.

(दृश्य : तांडेल हात समुद्रात ओले करतो. मासा पाण्याबाहेर न काढता गरी सोडवतो.)

हात आधी ओले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्या जागी रोग धरतो. मग तोंड प्रवाहाकडे. कल्ल्यांतून पाणी जायला लागतं. शेपटीचा एक झटका, दुसरा.

(इथे निवेदन नाही. मुलीचा चेहरा. रिकामं पाणी.)

सोडण्याची ही रीत इथे बाहेरून आलेली नाही. संरक्षित प्राणी, कासव असो की व्हेल शार्क, जाळ्यात आलं तर जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २०१८ पासून जाळ्याची भरपाई देतं, २५ हजार रुपयांपर्यंत. नवं जाळं कापायला सुरी लावताना हात काय म्हणतो, हे ज्याने कापलं त्यालाच विचारावं.

(दृश्य : परतीचा प्रवास. दूर क्षितिजावर मोठी ट्रॉलर.)

माशांचा अख्खा थवा घेरून ओढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री या पाण्यावर दिवे दिसल्याच्या तक्रारी मालवणात होतच असतात, आणि गरीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीवर पोट असलेल्या घरांतली पुढची पिढी मुंबई-गोव्याकडे नोकऱ्या शोधते आहे.

तांडेलाच्या पुतण्याने मात्र बंदरावरच राहायचं ठरवलंय. हे पाहुणे येतात म्हणून.

(दृश्य : बंदर. साडेअकरा. पाण्यावर पांढऱ्या लाटांची रेघ उठायला लागली आहे.)

खारा वारा उठला. होडी आत आहे.

(दृश्य : तांडेलाचं अंगण. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, सुरमईची तुकडी पडतेय. माडाला बांधलेल्या दोरीवर गोड्या पाण्यात धुतलेली लाइफ जॅकेटं.)

आडाळ्यावर बसलेल्या काकूंनी सुरमई दोन भागांत केली. अर्धी पाहुण्यांच्या डब्यात, ते राहतात तिथे तळून मिळेल. अर्धी घरात. डोकं घरातच, त्याची आमटी होते, आणि ते कोणी पाहुण्याला देत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्यावर चढतात, मासेमारी बंद. मग नारळी पौर्णिमा. त्यानंतर समुद्र शांत होत जातो आणि दिवाळीच्या सुट्टीपासून फोन वाजायला लागतात. या अंगणातला फोनही.

(दृश्य : फोन वाजतो. तांडेल ओला हात पंच्याला पुसून उचलतो. पलीकडचा आवाज अस्पष्ट, 'मासे किती मिळतील' एवढं ऐकू येतं.)

"माणसां किती तुमी?" तांडेल विचारतो. "बारकी पोरां आसत?"

(पलीकडून उत्तर. तांडेल दोरीकडे वळतो. बोटाने जॅकेटं मोजतो. लहान मापाची दोन बाजूला काढतो. चित्र इथेच थांबतं.)